वाचा, वंदना आणि विवेक

आपल्या समाजात पठणाविषयी दोन मते आहेत आणि दोन्ही ठामपणे मांडली जातात. पहिले मत असे की परित्राण पाठ झाला, मनगटाला सूत बांधले, घरात पाणी शिंपडले की आजार आणि अडचणी दूर होतात. दुसरे मत असे की पाली गाथा घोकणे म्हणजे जुन्या पोथीच्या जागी नवी पोथी आणून ठेवणे. बाबासाहेबांनी आपल्याला विचार करायला सांगितले, पुटपुटायला नव्हे. मी इतिहासाचा शिक्षक. माझा कल आयुष्यभर दुसऱ्या मताकडे राहिला आणि आजही बराचसा तिकडेच आहे. तरीही लवळ्याच्या या निवासी शाळेत गेल्या काही वर्षांत माझ्या बाबतीत जे घडले, त्याची एक दंतकथा तयार होऊ लागली आहे. माजी विद्यार्थी भेटायला येतात, जय भीम करतात, इकडचे तिकडचे बोलतात आणि निघताना दाराशी थांबून हळूच विचारतात, "सर, तुम्ही सुत्त म्हणून बरे झालात असे ऐकले. ते कोणते सुत्त?" स्मरणिकेच्या संपादक मंडळाने लेख मागितला तेव्हा ठरवले की दंतकथा पक्की होण्याआधी जे घडले ते क्रमाने लिहून ठेवावे. दंतकथा कशा पक्क्या होतात हे इतिहासाच्या शिक्षकाला कुणी सांगावे लागत नाही.

त्या हकिकतीकडे वळण्यापूर्वी आपल्या जिभेविषयी थोडे लिहिणे आवश्यक आहे. पठण ही आपल्यासाठी साधी गोष्ट कधीच नव्हती. वेद ऐकणाऱ्या शूद्राच्या कानात तप्त रस ओतावा आणि ते उच्चारणाऱ्याची जीभ छाटावी, असे गौतम धर्मसूत्र सांगते. ही शिक्षा प्रत्यक्षात किती वेळा दिली गेली हा संशोधनाचा विषय आहे. पण एखाद्या समाजाच्या जिभेला भीती घालण्यासाठी नुसते लिहून ठेवणेही पुरेसे असते. विसाव्या शतकाच्या आरंभी शाळकरी भीमरावांना संस्कृत शिकायचे होते. ते नाकारले गेले आणि त्यांना फारसी घ्यावी लागली. पुढे ते स्वतःच्या बळावर संस्कृत शिकले, उतारवयात पालीकडे वळले, पालीचा शब्दकोश रचायला बसले आणि सामान्य बौद्धांसाठी 'बौद्ध पूजा पाठ' ही छोटी पुस्तिका त्यांनी तयार केली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात भदंत चंद्रमणी महास्थविरांनी त्यांना त्रिसरण आणि पंचशील दिले ते पालीत. त्यानंतर बाबासाहेबांनी जनसमुदायाला बावीस प्रतिज्ञा दिल्या त्या मराठीत. या दोन भाषांच्या वाटणीकडे आपण फारसे लक्ष देत नाही. प्रतिज्ञा समजल्याच पाहिजेत, म्हणून त्या घरच्या भाषेत. मग सरणे पालीतच का ठेवली? सारे काही मराठीत करणे त्यांना अशक्य नव्हते.

माझ्या आईकडे या प्रश्नाचे तिचे स्वतःचे उत्तर आहे. तिचे वडील मावळातले. २५ डिसेंबर १९५४ रोजी देहूरोडच्या विहारात बाबासाहेबांच्या हस्ते बुद्धमूर्तीची स्थापना झाली तेव्हा ते वाडीतल्या इतरांबरोबर चालत गेले होते. पुढे धम्मदीक्षेनंतर वाडीत रात्री वंदनेचा वर्ग भरू लागला. आईला तेव्हाही लिहिता-वाचता येत नव्हते, आजही सही पलीकडे येत नाही. पण त्रिसरण, पंचशील, त्रिरत्न वंदना, महामंगल सुत्त, जयमंगल अष्टगाथा हे सारे तिला कानाने पाठ आहे. "गावात जे बामणाच्या तोंडातच राहायचं, तसलं काहीतरी आपल्या तोंडात आलं," एवढेच ती म्हणते. यात अर्थाचा भाग कमी आणि अधिकाराचा जास्त, असा आक्षेप मी एम. ए.च्या वर्षी तिच्यापुढे मांडला होता. ती भाकरी थापत होती. तिने मान्यही केले नाही आणि अमान्यही केले नाही. पण माझ्या कानांवर ही वंदना जन्मापासून पडली ती अशी. मी ती पाठ करायला बसलो असे मला आठवत नाही. पाढे पाठ करावे लागले. वंदना आपोआप आली. पुढच्या हकिकतीत या गोष्टीला महत्त्व आहे.

जून महिन्याचा तिसरा आठवडा होता. माझे वय तेव्हा एक्कावन्न. दहावीच्या वर्गावर इतिहासाचे पहिले प्रकरण चालू होते, इतिहासलेखनाची पाश्चात्त्य परंपरा. फळ्यावर 'रेने देकार्त' लिहिताना खडू हातातून निसटला. वाकून उचलायला गेलो तर उजवा हात ऐकेना. मुलांकडे वळून काहीतरी बोललो. त्यांच्या चेहऱ्यांवरून कळले की मी जे बोललो ती मराठी नव्हती. दोन मुले मुख्याध्यापकांकडे धावली. शाळेच्याच गाडीने मला पुण्यात नेले. मेंदूतील गुठळी विरघळवणारे इंजेक्शन सामान्यतः पहिल्या साडेचार तासांत द्यावे लागते. त्यानंतर त्याचा उपयोग घटतो आणि धोका वाढतो. मी त्या वेळेत पोहोचलो. हे वाक्य मुद्दाम स्वतंत्र लिहीत आहे, कारण दंतकथेत ते गळून पडते. माझा जीव वाचला तो दोन मुलांच्या पायांमुळे, वेळेवर मिळालेल्या गाडीमुळे आणि त्या इंजेक्शनमुळे.

जीव वाचला, वाचा गेली. डाव्या मेंदूला इजा झाली की अनेकदा असे होते. पॅरिसचे शल्यचिकित्सक पॉल ब्रोका यांनी १८६१ मध्ये एका रुग्णाचे वर्णन केले. त्याला बोललेले पुष्कळसे समजे, पण त्याच्या तोंडून एकच अक्षरसमूह बाहेर पडे. वैद्यकशास्त्र याला वाचाघात म्हणते. माझी अवस्था जवळपास तशीच होती. समोरचा काय म्हणतो ते कळे. उत्तर काय द्यायचे तेही कळे. मधला पूल मात्र कोसळलेला. पत्नी विचारी, "अहो, काय हवंय?" मला पाणी हवे असे, पेला डोळ्यांसमोर दिसे आणि तोंडातून 'ता, ता, ब' असे काहीतरी निघे. पंचवीसहून अधिक वर्षे दिवसाला सहा-सात तास बोलणे हेच माझे काम होते. सुताराची करवत हरवली तर तो दुसरी आणतो. माझ्याकडे दुसरे काही नव्हते.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आई खाटेशेजारी बसली होती. घरी असती तर तिने त्या वेळी वंदना घेतली असती; ती तिने तिथेच, हलक्या आवाजात सुरू केली. दुसऱ्या सरणापाशी माझे ओठ हलू लागले आणि तिसऱ्या फेरीला माझा आवाज तिच्या आवाजात मिसळला. शब्द घासलेले होते, उजव्या बाजूने लाळ गळत होती, पण ते शब्द होते आणि योग्य क्रमाने येत होते. पंचशील संपेपर्यंत मी तिच्याबरोबर राहिलो. वंदना संपली. पत्नीने आनंदाने विचारले, "अहो, माझं नाव सांगा बरं." मी तोंड उघडले आणि 'ता, ता' एवढेच आले.

नातेवाइकांच्या दृष्टीने चमत्कार त्याच क्षणी सिद्ध झाला. रात्रपाळीच्या तरुण डॉक्टरांना त्यात नवल वाटले नाही. स्पीच थेरपीच्या बाईंनी दुसऱ्या दिवशी समजावून सांगितले, मला आणि आईला, दोघांना. ठरलेल्या क्रमाने खोल मुरलेले बोलणे, म्हणजे वार, महिने, आकडे, पाढे, आरत्या, प्रार्थना, गाणी, हे नवे वाक्य जुळवण्याहून निराळ्या वाटेने येते आणि ती वाट पुष्कळदा शाबूत राहते. स्वीडनमध्ये ओलोफ दालिन यांनी १७४५ मध्येच अशा एका माणसाविषयी लिहून ठेवले आहे. त्याची वाचा गेली होती, पण स्तोत्रे गाता येत होती आणि विशिष्ट लयीत प्रार्थना म्हणता येत होत्या. अमेरिकेत बोस्टनच्या संशोधकांनी १९७३ मध्ये याच निरीक्षणाच्या आधारे सूर आणि ताल यांच्या मदतीने बोलणे शिकवण्याची पद्धत मांडली. बाई पुढे म्हणाल्या, "हे बोलणं परत येणं नव्हे. पण धरायला दोरी मिळाली आहे. किती वर चढता येईल ते आता सांगता येणार नाही."

या बाई बौद्ध नव्हत्या. त्यांनी आईकडून संपूर्ण त्रिसरण-पंचशील ऐकून घेतले, वहीत देवनागरीत उतरवले आणि प्रत्येक शब्दाचा अर्थ विचारला. आईला सगळे अर्थ सांगता येईनात, तेव्हा पत्नीने घरून पुस्तिका आणली. नंतर त्या वहीवर लाल शाईने आडव्या रेघा पडल्या. वंदनेचे तुकडे झाले. पुढचे सारे काम त्या रेघांपाशी झाले.

ते काम किती कंटाळवाणे होते हे सांगितल्याशिवाय सातत्य या शब्दाला अर्थ नाही. लहान मुलाला 'सात सक' विचारले तर ते 'सात एके सात' पासून मनात सुरुवात करते आणि बेचाळीसपर्यंत पोहोचते. माझे तसे झाले होते. अगदी पहिल्या अक्षरापासून सुरुवात केली तर शेवटापर्यंत जाई. मध्येच कुणी थांबवले की सारे विरून जाई आणि पुन्हा पहिल्या अक्षरावर यावे लागे. बाईंचा पहिला धडा असा: सरण म्हणायचे, पण शेवटचा शब्द येण्याआधी तोंड मिटायचे. ऐकायला सोपे वाटते. मला त्यासाठी जवळजवळ पाच आठवडे लागले. गाडी उतारावर लागल्यासारखी जीभ 'गच्छामि' वर जाऊनच थांबे. ज्या दिवशी मी पहिल्यांदा तो शब्द न म्हणता थांबलो आणि मग एका श्वासानंतर तो एकटाच उच्चारला, त्या दिवशी मला कळले की आता हा शब्द मी म्हणत आहे. तो मला म्हणत नाही.

दुसरा धडा तुकडे बाहेर काढण्याचा. पहिल्या शीलाचा आरंभ 'पाणा' या ध्वनींनी होतो. पाण म्हणजे प्राणी, जीव. तो शब्द म्हणायचा, अर्ध्यावर थांबायचे आणि शेवटचा स्वर बदलायचा. पाणा, पाणा, पाणी. आजारानंतर मी स्वतःहून मागितलेली पहिली गोष्ट पाणी होती आणि ती अशी मागितली. दुसऱ्या शीलातून 'दान' निघाले, तिसऱ्यातून 'काम', चौथ्यातून 'वाद'. पत्नी म्हणाली, "सगळं सोडून वाद बरा आठवला तुम्हाला." आजारानंतर मी पहिल्यांदा हसलो तो त्या दिवशी.

इथे माझे एक निरीक्षण नोंदवतो. मी भाषाशास्त्रज्ञ नाही, त्यामुळे ते निरीक्षण म्हणूनच घ्यावे. माझ्या दुखावलेल्या जिभेला मराठीतले संस्कृत शब्द जड जात. 'स्मृती', 'प्रज्ञा', 'रत्न', 'स्पर्श' यांत दोन भिन्न व्यंजने एकमेकांवर आदळतात आणि जीभ अडते. तेच शब्द पालीत 'सति', 'पञ्ञा', 'रतन', 'फस्स' असे येतात. आदळणारी व्यंजने पालीने एकतर सारखी केली किंवा मध्ये स्वर घालून मोकळी केली. कार्ले-भाज्याच्या लेण्यांतील शिलालेखांची प्राकृतही अशीच आहे. शेतकरी, व्यापारी, लोहार, भिक्षुणी ज्या तोंडाने बोलत त्या तोंडाची ती भाषा. एम. ए.ला असताना हे ध्वनिनियम मी परीक्षेपुरते पाठ केले होते. एक्कावन्नाव्या वर्षी ते जिभेवर अनुभवले.

सहा आठवड्यांनी लवळ्याला परतलो. शाळेने वसतिगृहाच्या आवारातील खोली माझ्याकडेच ठेवली होती, पगारी रजा होती तोवर दिली, पुढे बिनपगारी. माझे तास एका सहकाऱ्याने घेतले. डोंगरावरची विद्यापीठे, त्यांच्या बसगाड्या, नांदे-सूसकडे वाढत चाललेली बांधकामे यांनी लवळे आता बरेच बदलले आहे. तरी आमच्या आवारात संध्याकाळी साडेसहाला घंटा झाली की मुले हातपाय धुऊन बुद्धमूर्तीसमोर रांगेत बसतात, हे बदललेले नाही. मी शेवटच्या रांगेत खुर्ची टाकून बसू लागलो.

पहिली अडचण वेगाची आली. आपली मुले वंदना फार भरभर म्हणतात. मागे जेवणाची घंटा असते. मी दुसऱ्या सरणात असे तेव्हा ती शीलांपर्यंत पोहोचलेली असत. आठवीतला एक मुलगा वंदना सांगत असे. परभणीकडचा, आईवडील ऊसतोडीला जाणारे, अभ्यासात बेताचा. चार-पाच दिवस त्याने मागे वळून माझ्याकडे पाहिले आणि मग कुणालाही न विचारता चाल संथ केली. पुढच्या ओळीपूर्वी तो थांबे आणि माझा आवाज पोहोचला की सुरू करी. पाचवी-सहावीची मुले कुरकुरली, "सर, जेवायला उशीर होतो." अधीक्षकांनी त्याला हटकले तेव्हा तो म्हणाला, "मागच्या रांगेतलं राहू द्यायचं नसतं." कवायतीच्या शिक्षकांचे हे वाक्य त्याने वंदनेला लावले.

शरीराची कहाणी एका बाजूला आणि मनाची दुसऱ्या. पक्षाघातानंतर सुमारे एक तृतीयांश रुग्णांना नैराश्य येते, असे वैद्यक सांगते. मला ते पाचव्या महिन्यात आले. सुरुवातीची झपाट्याची प्रगती थांबली होती. साठ-सत्तर शब्द येत, त्यापुढे भिंत. बोलणारी माणसे माझ्याशी मोठ्याने आणि तुटक बोलत, जणू मी बहिरा किंवा अजाण असावा. मी लोकांना टाळू लागलो. पहाटे तीनला जाग येई आणि मी यापुढे काय आहे, हा प्रश्न येई. शिक्षक नाही, वक्ता नाही. १४ एप्रिलला व्यासपीठावर बोलवावे असा माणूस नाही.

औषध चालू होते आणि त्याचा उपयोग झाला, हेही नोंदवतो. परंतु त्या काळात दिवसातून एकच अर्धा तास असा होता की ज्यात माझ्याकडून उत्तराची अपेक्षा नसे आणि तरीही मी बोलत असे. संभाषणात माझा शब्द अडला की सगळे थांबून माझ्या तोंडाकडे पाहत. वंदनेत माझा शब्द अडला तर गाथा अडत नसे. ती चाळीस आवाजांवर तरलेली असे आणि मी पुढच्या शब्दाला तिच्यात पुन्हा चढू शके. बौद्ध परंपरेत धर्मसभेला संगीती म्हणतात. त्याचा शब्दशः अर्थ एकत्र गाणे, एकत्र पठण करणे. तथागतांच्या महापरिनिर्वाणानंतर राजगृहात भिक्षू जमले ते वचने एकत्र म्हणून पक्की करण्यासाठी. त्या वेळी काही लिहिलेले नव्हते. एकट्याची आठवण चुकते. अनेकांनी एका लयीत म्हटले की चुकलेला आवाज ऐकू येतो आणि सावरला जातो. पुढे कित्येक पिढ्या धम्म कुणाच्या ना कुणाच्या जिभेवरच राहिला. अशी वचने मुखोद्गत ठेवणाऱ्या भिक्षूला भाणक म्हणत. आमच्या मावळातल्या कार्ल्याच्या चैत्यगृहात एका स्तंभावर, तो स्तंभ सोपाऱ्याच्या सातिमित नावाच्या भाणकाने दान दिल्याची नोंद आहे. सहलीला नेलेल्या मुलांना मी तो लेख दरवर्षी दाखवत असे आणि भाणक म्हणजे पाठांतर करणारा, एवढे सांगून पुढच्या स्तंभाकडे वळत असे. आता तिथे थोडा जास्त वेळ थांबतो.

पंचशीलातील 'सिक्खापद' या शब्दाकडेही मी त्याच महिन्यांत लक्ष दिले. सिक्खापद म्हणजे शिकण्याचे पाऊल, शिक्षणाचा नियम. आणि 'समादियामि' म्हणजे मी ते स्वतःहून अंगावर घेतो. त्यात आज्ञा देणारा कुणी नाही आणि शिक्षा देणाराही नाही. म्हणणारा रोज शिकण्याचे ठरवतो, बस्. जो माणूस एकेक शब्द नव्याने शिकतो आहे, त्याच्या तोंडी दिवसातून दोनदा हे शब्द येणे, ही गोष्ट माझ्या मनाला टेकू देणारी ठरली. अर्थ माहीत नसता तर हा टेकू मिळाला असता का? माझे मत असे की वाचेसाठी लय पुरली, मनासाठी लय पुरली नसती. तेराव्या शतकात जपानमध्ये निचिरेन यांनी सद्धर्मपुंडरीक सूत्राच्या नावाच्या पठणावरच साधना उभी केली आणि आज त्या परंपरेतील माणसे आपल्या शहरांतही आहेत. त्यांचा अनुभव खोटा आहे असे मी म्हणणार नाही. मात्र बाबासाहेबांच्या वाटेने आलेल्या माणसाला अर्थाचा हात सोडून चालता येत नाही. मला तरी येत नाही.

आता जे विचारले जाते त्याकडे वळतो: सुत्त म्हटल्याने आजार बरा होतो असे त्रिपिटकात आहे ना? आहे. संयुत्त निकायात तीन प्रसंग येतात. महाकस्सप आजारी असताना आणि मोग्गल्लान आजारी असताना भगवंतांनी त्यांना सात बोज्झंग ऐकवले. स्वतः भगवंत आजारी असताना त्यांनी चुंदाला ते म्हणायला सांगितले. तिघेही त्या आजारातून उठले असे तिथे म्हटले आहे. मला हे प्रसंग प्रिय आहेत, विशेषतः तिसरा, कारण त्यात शिकवणाराच आपली शिकवण दुसऱ्याच्या तोंडून ऐकतो. पण ते सात बोज्झंग कोणते ते पाहावे: सति, धम्मविचय, विरिय, पीति, पस्सद्धि, समाधि, उपेक्खा. दुसऱ्याच क्रमांकावर धम्मविचय आहे, म्हणजे चिकित्सा. रोग्यापुढे म्हणायच्या पाठातच चौकशी करण्याची सूचना बसलेली आहे. त्याच संयुत्त निकायात आणखी एक संवाद आहे. मेलेल्याला प्रार्थनेने स्वर्गात पाठवता येते का, असे एक गावप्रमुख विचारतो, तेव्हा भगवंत त्याला उलट विचारतात की खोल डोहात धोंडा टाकून सारा गाव काठावर हात जोडून उभा राहिला आणि 'वर ये' म्हणाला, तर तो धोंडा वर येईल काय. आणि मिलिंद राजाला नागसेन सांगतात की परित्त प्रत्येकाचे रक्षण करीत नाही. परंपरेनेच घातलेल्या या मर्यादा आपण पुसू नयेत.

हे पुस्तकी वाद नाहीत, म्हणून एक प्रसंग लिहितो. दोन वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याची आई भेटायला आली. तिच्या धाकट्या मुलीला झटके येत होते. कुणीतरी तिला सांगितले होते की लवळ्याच्या सरांची वाचा परित्ताने आली. तिने पिशवीतून पाण्याची बाटली काढून माझ्यापुढे ठेवली. "सर, तुम्ही यावर म्हणा. बाकीचं मी बघते." मुलीच्या गोळ्या महिनाभरापासून बंद केल्या होत्या. माझी वाचा तेव्हा इतपत आली होती की सावकाश बोललो तर समजे. मी ती बाटली उचलून पाणी प्यायलो. ती दचकली. मग मी एकेक शब्द जुळवत तिला सांगितले की मला इंजेक्शन दिले होते, मी अजून रोज तीन गोळ्या घेतो, आणि मुलीच्या गोळ्या आज संध्याकाळपासून पुन्हा सुरू व्हायला हव्यात. त्याआधी आत्ता इथूनच डॉक्टरांना फोन. फोन पत्नीने लावून दिला, कारण फोनवर मला आजही नीट बोलता येत नाही. निघताना तिने विचारले, "मग वंदना म्हणायची की नाही?" मी म्हटले, "रोज. पोरीला शेजारी बसवून. गोळी दिल्यावर."

ती नाराज होऊन गेली की समजून गेली, ते त्या दिवशी कळले नाही. मुलीच्या गोळ्या सुरू आहेत, एवढे तिच्या भावाकडून कळते.

माझ्या प्रकृतीचा हिशेब असा. चौदाव्या महिन्यात मी वर्गावर परतलो, आधी आठवड्याला चार तास, आता बारा. फळ्यावर डाव्या हाताने लिहितो. अक्षर पहिलीच्या मुलासारखे आहे आणि त्यामुळे फळा भरायला वेळ लागतो, पण मुलांची वही पूर्ण होते. विशेषनामे अजून अडतात. रांके, हेगेल, फूको ही मंडळी दहावीच्या पहिल्याच प्रकरणात एकामागून एक येतात आणि मी बोटाने पुस्तकातले नाव दाखवतो, मुले मोठ्याने वाचतात. पत्नीचे नाव यायला अकरा महिने लागले. वार्षिक कार्यक्रमात भाषण करणे थांबवले आहे. लिहिणे वाढले आहे. हा लेख डाव्या हाताने, रोज अर्धे पान, असा लिहून झाला.

परभणीचा तो मुलगा दहावी होऊन गेला, आता आयटीआयला आहे. त्याच्यानंतर दोन मुलांनी वंदना सांगितली. त्यांनी ती त्याच संथ चालीने उचलली, कारण त्यांनी ऐकली होती तशीच. मी आता मुलांच्या बरोबरीने म्हणू शकतो, कुणाला थांबायची गरज नाही, असे मी या वर्षी जूनमध्ये अधीक्षकांना सांगितलेही. त्यांनी मुलांना वेग वाढवायला सांगून पाहिले. यंदा पाचवीत आलेल्या मुलांना मात्र लवळ्याच्या वंदनेची चाल हीच वाटते आणि तीच ती घरी सुट्टीत म्हणतात. स्वयंपाकघरातल्या मावशींनी आता भाताचा कुकर दहा मिनिटे उशिरा चढवायला सुरुवात केली आहे.